मैला उपसणाऱ्या गाडीची टाकी कशाची असावी?

नमस्कार श्रोतेहो.

आषाढी वारीच्या वाटेवर सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशा एकेका मुक्कामी फिरत्या शौचालयांच्या रांगा लागतात. पालखी पुढे निघाली की शौचालयेही पुढच्या तळावर जातात. ती वापरण्याजोगी राहावीत म्हणून त्यांच्या मागे एक गाडी राबत असते. मैला ओढून घेणारी, धुवायला पाणी पुरवणारी, वास घालवणारे औषध टाकून देणारी सक्शन गाडी. ही गाडी ऐन गर्दीत बंद पडली तर रांगेतली शौचालये बघता बघता तुंबतात आणि माणसे पुन्हा बांधाकडे वळतात. आज मला बोलायचे आहे ते या गाडीच्या पाठीवरच्या टाकीबद्दल.

गाडी घेताना चर्चा होते ती इंजिनाची, पंपाची आणि किमतीची. टाकीच्या वाट्याला अनेकदा एकच ओळ येते : एम.एस. (म्हणजे साध्या पोलादाची) टाकी, क्षमता अमुक लिटर. एवढ्यावर भागत नाही. टाकी कशाने खराब होते हे आधी कळले, तरच ती कशाची करायची हे ठरवता येते.

मैला तळाशी बसतो, म्हणून तळ आधी सडणार असे आपल्याला वाटते. तळाला वाळू-खडी घासते हे खरे आहे. पण पातळीच्या वरचा कोरडा वाटणारा भाग जास्त धोक्यात असतो. मैल्यातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, आपण ज्याला सडक्या अंड्याचा वास म्हणतो तो. हा वायू टाकीच्या छतावरच्या दमट थरात विरघळतो. तिथे हवा असते, आणि त्या हवेवर जगणारे दुसरे जिवाणू त्याचे चक्क गंधकाम्ल करतात. छताला आतून आम्ल लागत राहते. त्यात वेल्डिंगच्या शिवणी, मॅनहोलची मान, पाइप जोडलेल्या जागा या आधीच नाजूक असतात. बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि आतून पत्रा कागदासारखा होत जातो.

दुसरा शत्रू म्हणजे शिळी लघवी. तिच्यातल्या युरियाचा अमोनिया होतो, मैला अल्कधर्मी होतो, त्याचा सामू नऊच्या आसपास जातो. मिठाचे क्लोराइडही त्यात असतेच. आणि तिसरा शत्रू आपण स्वतः ओततो : ब्लीचिंग पावडर. पालखीच्या तळावर ती सगळीकडे मारली जाते, तीच कुणीतरी टाकी धुवायलाही वापरतो.

आता धातूंकडे येऊ. साधे पोलाद, म्हणजे एम.एस., स्वस्त असते, दणकट असते, आणि बारामती असो की अकलूज, कुठल्याही गॅरेजात त्याला वेल्डिंग मारून मिळते. मात्र आतून इपॉक्सीचा लेप हवाच, आणि तो लावण्याआधी पत्रा ब्लास्टिंगने, म्हणजे खरखरीत कणांचा जोरदार मारा करून, पांढरा स्वच्छ केलेला हवा. गंजावर, तेलावर फासलेला लेप पहिल्या पावसाळ्यातच पापुद्र्यांनी सुटतो. शिवाय नंतर बाहेरून एखादा ब्रॅकेट वेल्ड केला, की आतला लेप तेवढ्या जागी जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. हे फार वेळा घडते, कारण वेल्डर बाहेर असतो आणि नुकसान आत होते.

स्टेनलेस स्टील महाग असते, पण मैल्याच्या टाकीसाठी माझे मत त्याच्याच बाजूने आहे. ३०४ जातीत साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, म्हणून क्लोराइडने पडणारी बारीक छिद्रे ते जास्त चांगली रोखते. कमी कार्बनची ‘एल’ जात मागावी, म्हणजे वेल्डिंगच्या कडा कमजोर होत नाहीत. टाकी ताब्यात घेताना शिवणीकडे नीट बघा. कडेला निळसर-तांबूस पट्टा तसाच असेल, तर पिकलिंग, म्हणजे वेल्डिंगनंतरची आम्लाने केलेली सफाई, झालेले नाही आणि तिथूनच डाग धरणार. आणि स्टेनलेस आहे म्हणून ब्लीचिंगचे पाणी रात्रभर आत ठेवू नका. ३०४ ला ते सोसत नाही.

ॲल्युमिनियमचे सारे आकर्षण वजनात आहे. सव्वा मीटरच्या आतबाहेर व्यासाची ३००० लिटरची टाकी घ्या. तिचा पत्रा साधारण साडेबारा चौरस मीटर भरतो. पाच मिलिमीटर पोलादात त्याचे वजन ४९० किलोच्या जवळ जाते. ॲल्युमिनियम पोलादाहून सुमारे तिपटीने कमी ताठ असते, म्हणून ते आठ मिलिमीटर धरू. तरीही वजन २७० किलोच भरते. म्हणजे सव्वादोनशे किलो वाचले, आणि तेवढा मैला दर फेरीला जास्त नेता आला. छोट्या चेसीवर हा फरक मोठा आहे. पण ॲल्युमिनियमला अमोनियाचे अल्कधर्मी पाणी मानवत नाही, ब्लीचिंग तर नाहीच. चेसीच्या पोलादाला ते थेट टेकले तर त्या जोडावरच झिजते, म्हणून मध्ये रबर घालावे लागते. वाटेत चीर गेली तर आर्गन वेल्डिंग करणारा कारागीर शोधत फिरावे लागते. वारीच्या मार्गावर मी ती जोखीम घेणार नाही.

मग प्लास्टिक का नको, ते तर गंजतच नाही, असे बरेच जण विचारतात. पंप सुरू झाल्यावर टाकीतली हवा काढून घेतली जाते आणि बाहेरची हवा तिला दाबते. पूर्ण निर्वात झाली तर हा दाब चौरस मीटरला जवळपास दहा टन असतो. कामाच्या वेळी त्याच्या साठ-सत्तर टक्के धरा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीतली हवा तोंडाने ओढली की ती चेपते, तसे प्लास्टिकच्या मोठ्या टाकीचे होते. म्हणून मैल्याच्या टाकीला गोल शेल, म्हणजे नळकांड्यासारखे अंग, फुगीर डिशएंड, म्हणजे दोन्ही टोकांची झाकणे, आणि बाहेरून रिंगा लागतात. आत बफल, म्हणजे मैला डचमळू न देणारे आडवे पत्रे, हेही हवेत, नाहीतर दिवे घाटाच्या वळणावर अर्धी भरलेली टाकी गाडीला बाजूला ओढते. फायबरची टाकी गंजत नाही, पण खराब रस्त्यांच्या हादऱ्यांनी बुडाशी तडकते.

स्वच्छ पाण्यासाठी मात्र प्लास्टिकच उत्तम. तिथे निर्वात करायचे नसते, क्लोरीनचे भय नसते. ही टाकी पूर्ण वेगळी असावी, पंप आणि नळीही वेगळी. एकाच टाकीत मध्ये पडदा घालून दोन कप्पे करणे स्वस्त पडते, पण पडद्याला बारीक भोक पडले की मैला पाण्यात उतरतो, आणि ते कुणाला दिसत नाही.

श्रोतेहो, आता मला सर्वांत जास्त काळजीची वाटणारी गोष्ट. टाकी गंजली की लेप खरवडायला, गाळ काढायला कुणीतरी माणूस आत उतरवला जातो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचून राहतो. दशलक्षात शंभर भागांपर्यंत गेला की नाक बधिर होते, वासच येईनासा होतो, आणि माणसाला वाटते वायू गेला. गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करायला माणसाला धोकादायक पद्धतीने आत उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गाडीच्या टाकीतही वायू तोच असतो. म्हणून निविदेतच लिहा : मागचे अख्खे डिशएंड उघडणारे हवे, आत धुण्याचे नोझल बसवलेले हवेत, तळाला मागे उतार हवा. यासाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तर मोजा.

पत्र्याची जाडी बाहेरून मोजणारे अल्ट्रासॉनिक यंत्र मिळते. टाकी नवी असतानाच छत, शिवणींच्या कडा आणि तळ इथली जाडी मोजून वहीत लिहून ठेवा. पुढे दरवर्षी आषाढीच्या आधी, गाडी वाटेला लागण्यापूर्वी, त्याच जागी पुन्हा मोजा. सुरुवात छतापासून करा.

नमस्कार.