लंब म्हणजे उभी रेषा? थांबा जरा!

नमस्कार मंडळी! हा बघा, कंपासपेटीतला गुण्या. दहावीनंतर बहुतेकांचा हरवतो. माझा शाबूत आहे, एक टोक तेवढं मोडलंय.

याच्या या दोन कडा एकमेकींना लंब आहेत ना? आहेत. आता गुण्या असा तिरका धरला. आता? वर्गात निम्मी मुलं म्हणतात, "नाही सर, आता तिरक्या झाल्या!" घोळ इथेच आहे. 'लंब' म्हणजे 'उभी' असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उभी रेषा दाखवतो तो गवंड्याचा ओळंबा: दोरी आणि खाली वजन. लंब असण्याचा जमिनीशी काही संबंध नाही. दोन रेषांमध्ये 90 अंश असले की झालं, मग त्या कशाही फिरवा.

कोनांची नावं पटकन उरकतो. 90 पेक्षा कमी तो लघुकोन, बरोबर 90 काटकोन, 90 आणि 180 च्या मधला विशालकोन, 180 चा सरळकोन, त्यापुढे 360 च्या आतला प्रविशालकोन. पाठच करा, सुटका नाही.

आता आमच्या स्वयंपाकघरात चला. फरशी बसवताना शेवटची रांग एका टोकाला चार बोटं रुंद, दुसऱ्या टोकाला गायब! मिस्त्री म्हणाले, "कोपरा गुण्यात नाही." मग त्यांनी कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटांवर खूण केली, दुसरीवर 4 फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप ताणली. कोपरा काटकोनात असता तर बरोबर 5 फूट यायला हवे होते, कारण 9 आणि 16 मिळून 25. हाच पायथागोरस. आले 4 फूट 10 इंच.

अंतर कमी, म्हणजे कोन मिटलेला: लघुकोन. पण किती अंशांचा? इथे त्रिकोणमिती कामाला येते. 4 फूट 10 इंचांचा वर्ग साधारण 23.36. तो 25 मधून वजा करा, उरलेल्याला 3 आणि 4 च्या गुणाकाराच्या दुपटीने, म्हणजे 24 ने भागा. आले 0.068. हा त्या कोनाचा कोसाईन, म्हणजे प्रत्येक कोनासाठी ठरलेला एक आकडा; त्यावरून उलट कोन काढता येतो. काटकोनाचा कोसाईन शून्य, लघुकोनाचा धन, विशालकोनाचा ऋण. चिन्ह बघूनच कोनाची जात कळते! आमचा निघाला जवळपास 86 अंश.

त्या कोपऱ्यात आता फ्रीज उभा आहे.