डाळिंबाच्या मुळावरच्या गाठी

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

डाळिंबाचं झाड भर दुपारी मलूल होतं, पानं पिवळी पडतात, फळ पोसत नाही. मग आपण पाणी वाढवतो, खत वाढवतो. झाड काही उठत नाही. अशा वेळी ड्रीपरजवळ वीतभर उकरा, पांढरी मुळी हलक्या हातानं काढा आणि पाण्यात धुवा. तिच्यावर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, तर तो निमॅटोड, म्हणजे सूत्रकृमी, मातीतला डोळ्यांना न दिसणारा धाग्यासारखा जीव. हरभऱ्याच्या मुळावरची नत्राची गाठ नखानं सुटते. ही सुटत नाही, कारण इथं मूळच सुजलेलं असतं.

अंड्यातून निघालेलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून लहान. ते मुळीच्या टोकातून आत शिरतं आणि एकाच जागी बसून पेशींतला रस शोषतं. मादी फुगते, जेलीसारख्या पुंजक्यात 200 ते 500 अंडी घालते. उबदार, ओल्या मातीत महिन्याभरात पुढची पिढी तयार! याच जखमांतून मर रोगाची बुरशीही आत शिरते.

बागेत हा शत्रू बऱ्याचदा रोपाच्या पिशवीतूनच येतो. म्हणून रोपवाटिकेत दोन-चार पिशव्या फाडून मुळ्या धुऊन बघाच. एक जरी गाठ दिसली, तरी तो लॉट घेऊ नका. पैसे वाचतील, बागही वाचेल.

एकदा शिरलेला निमॅटोड पूर्ण जात नाही. त्याची संख्या दाबून ठेवायची. नव्या बागेत टोमॅटो, वांगी, काकडी आंतरपीक घेऊ नका, ती त्याची आवडती पिकं. त्याऐवजी ड्रीपरच्या ओलीत झेंडू लावा आणि किमान दोन-अडीच महिने ठेवा. काम त्याच्या मुळ्या करतात, फुलं नव्हेत. झाडाला दोन किलो निंबोळी पेंड द्या. एक टन कुजलेल्या शेणखतात दोन किलो पॅसिलोमायसिस, म्हणजे निमॅटोडला मारणारी बुरशी, मिसळा, सावलीत ओलसर ठेवून आठवड्यानं चाळवा आणि पंधरा दिवसांनी मुळांजवळ मातीआड करा. त्या दिवसांत बुरशीनाशकाची आळवणी मात्र नको, नाहीतर ही उपयोगी बुरशीच मरेल.

फोरेट या कीटकनाशकावर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे. कुणी दिलं तरी वापरू नका. दुसरं रसायन घेताना लेबलवर डाळिंब आणि निमॅटोड दोन्ही लिहिलेलं आहे का ते वाचा.

आणि गाठी असलेल्या ओळींतलं काम सगळ्यात शेवटी करा. मग कुदळ, खोरं, चपला तिथंच धुवा, माती पुढच्या ओळीत नेऊ नका.

नमस्कार.