ग्लुटेनविना बन

[दृश्य: स्टीलचं भांडं. करड्या-पांढऱ्या, चिकट पिठात ओला हात जातो.]

हे पीठ तिंबून वठणीवर येणार नाही. तासभर तिंबा, दमाल तुम्ही. पीठ आहे तसंच राहील. ज्याच्या जोरावर पीठ ताणलं जातं ते ग्लुटेनच यात नाही. म्हणून गव्हाच्या पावाला सरावलेल्या हातांनी इथे आधी जरा गप्प बसायचं आणि काम पाण्यावर सोपवायचं.

गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी लागलं, मळणं झालं की ती एकमेकांत गुंततात. ग्लुटेनिन पिठाला ताकद देतं, ग्लायडिन त्याला सैल सोडतं. यीस्टमुळे तयार होणारा कार्बन डायऑक्साइड या गुंत्यात अडकतो आणि पाव फुगतो. बार्ली आणि राय या धान्यांतही अशाच जातीची प्रथिनं आहेत.

सिलिॲक हा आजार असलेल्यांच्या पोटात हे ग्लुटेन गेलं, की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी १९३०च्या दशकातच अशा मुलांना गव्हाविना आहार देऊन बघायला सुरुवात केली होती. १९५० साली त्यांच्या प्रबंधातून गव्हाचा आणि या आजाराचा संबंध पुढे आला. त्यावर उपाय आजही तोच आहे: जन्मभर ग्लुटेन वर्ज्य. आणि मग पावाचं काय, हा प्रश्न स्वयंपाकघरात येऊन पडतो.

[दृश्य: काचेच्या भांड्यात पाणी. त्यात इसबगोल पडतो. कॅमेरा अगदी जवळ.]

उत्तर या भुशात आहे. २० ग्रॅम इसबगोल, ३९० मिलिलिटर कोमट पाणी. पडताक्षणी लगेच ढवळायचं, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या मग काही केल्या मोडत नाहीत. आता बघा. सुरुवातीला साल पाण्यात नुसतीच तरंगते. मिनिटभरात पाणी जड व्हायला लागतं, चमचा ओढताना मागे माग उरतो. पाचेक मिनिटांत भांडं तिरकं केलं तरी आतला ऐवज हलत नाही. सालीतली तंतुमय शर्करा पाणी धरून ठेवते आणि तिची लवचिक जेली होते. ग्लुटेनची जागा घेते ती ही जेली.

झँथन गमही वापरतात. झँथोमोनास नावाच्या जिवाणूकडून तो मिळतो, आणि वायू धरून ठेवायला चांगला आहे. पण नुसत्या झँथनवर केलेलं पीठ सरसरीतच राहतं, साच्यात ओतावं लागतं. हाताने वळून बन करायचे असतील तर इसबगोलच. एकच गोम आहे: काही इसबगोलांमुळे भाजल्यावर आतला भाग जांभळट दिसतो. चवीत फरक पडत नाही. दिसायला मात्र विचित्र दिसतो खरा.

[दृश्य: वजनकाटा. एकामागून एक पिठं.]

तांदळाचं अगदी बारीक पीठ १२० ग्रॅम. जाडसर असेल तर भाजल्यावरही दाताखाली कचकच लागते. ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम, ते चवीसाठी. नुसत्या तांदळाचा बन फिका लागतो. टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्याचं सत्त्व) १०० आणि बटाट्याचा स्टार्च ८० ग्रॅम, हलकेपणासाठी. शिवाय ७ ग्रॅम कोरडं इन्स्टंट यीस्ट, १२ ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ, २५ ग्रॅम तेल. माप वाटीने घेऊ नका. ही पिठं वजनाला एकसारखी नसतात. वाटी तीच, पण आतलं पीठ कमी-जास्त भरतं.

पाण्याचा आकडा बघून दचकायला होतं. गव्हाच्या साध्या पावात पाणी पिठाच्या साधारण ६० ते ६५ टक्के असतं. इथे ते जवळजवळ पिठाइतकंच आहे. कालवल्यावर पीठ हाताला चिकटतं, आणि नेमकं इथेच मूठभर कोरडं पीठ वर भुरभुरायचा मोह होतो. तो आवरायचा. ते पीठ जेलीतलं पाणी ओढून घेतं आणि बन वीट होऊन बाहेर येतात. १० मिनिटं झाकून ठेवा, चिकटपणा आपोआप कमी होतो.

[दृश्य: ओले तळहात. गोळा वळला जातो, वरची भेग बोटाने लिंपली जाते.]

आता हात पाण्यात बुडवून आठ गोळे वळायचे, प्रत्येकी १०० ग्रॅमच्या थोडे वर. वरची प्रत्येक भेग ओल्या बोटाने बुजवायची. राहिली तर ओव्हनमध्ये नेमकी तीच फाटते.

मोठा पाव सोडून बनच का? कारण मोठ्या पावाच्या पोटापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. तोवर बाहेरून तो फुगतो, आतली जेली अजून कच्चीच असते, आणि बाहेर काढल्यावर मधोमध खड्डा पडतो. लहान गोळा लवकर आतपर्यंत शिजतो आणि आहे त्या आकारात बसतो. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने बनपासूनच सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गव्हाचं पीठ एकदा फुगवून, दाबून, पुन्हा फुगवतात. इथे फुगवणं एकदाच. एकदा निसटलेला वायू ही जेली पुन्हा त्याच जोमाने धरत नाही. उबदार जागी झाकून पाऊण ते एक तास. दुप्पट होण्याची वाट बघू नका, दीडपट पुरे. पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं दिसली, की तसेच उचलून ओव्हनमध्ये.

[दृश्य: ओव्हनची काच. आत वाफ.]

ओव्हन आधीच २२० अंश सेल्सिअसवर तापलेला हवा. खालच्या कप्प्यात गरम पाण्याचं ताट. वाफेने वरची साल थोडा वेळ मऊ राहते आणि बनला वाढायला वाव मिळतो. १५ मिनिटांनी ताट काढायचं, मग आणखी १० ते १५ मिनिटं. रंगावर विसंबू नका. थर्मामीटर मध्यभागी खुपसला तर ९६ ते ९८ अंश दिसायला हवेत.

वास कितीही सुटला तरी गरम बन कापायचा नाही. आतला स्टार्च अजून बसायचा असतो. सुरी चिकट होऊन बाहेर येते आणि लोक समजतात की बन कच्चा राहिला. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या.

[दृश्य: चाळणी. जाळीच्या कडेत अडकलेलं पीठ.]

घरात गव्हाचं पीठही वापरात असेल, तर सगळा धोका या कडेत आहे. ग्लुटेन काही जंतू नाही की ओव्हनच्या उष्णतेने मरेल. कोडेक्स या अन्नाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकानुसार ग्लुटेनमुक्त पदार्थात दर किलोला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं. सिलिॲकच्या रुग्णासाठी करत असाल तर चाळणी, लाकडी पाट, उलथनी वेगळी ठेवा. पिठांच्या पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहिलेलं बघूनच घ्या. तांदूळ-ज्वारी मुळात निर्धोक असली तरी गिरणीत गव्हासोबत दळली की संपलं. बेकिंग पावडर वापरत असाल तर तिचंही लेबल वाचा, कधीकधी त्यात गव्हाचा स्टार्च असतो.

[दृश्य: कापलेला बन. आतली जाळी. मग डब्यात रचलेले बन.]

हे बन दुसऱ्या दिवशीच कडक व्हायला लागतात, आणि फ्रिजमध्ये तर जास्तच लवकर, कारण त्या थंडाव्यात स्टार्च झपाट्याने घट्ट होतो. उरलेले त्याच दिवशी मधोमध कापून फ्रीझरमध्ये टाका. लागेल तेव्हा तसेच गोठलेले १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं, किंवा टोस्टरमध्ये. टोस्टरही वेगळाच हवा.