जाऊ की थांबू?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी माझा भाचा घरी आला. मी चहा टाकला तोवर तो गॅलरीत उभा राहून मित्राशी फोनवर बोलत होता. स्वयंपाकघरात मला ऐकू आलं, "पाच लाख बे! पाच लाखाच्या वरच!" आत आल्यावर मात्र आवाज एकदम खाली. मोबाईलवर आलेलं नव्या नोकरीचं पत्र माझ्यापुढं धरलं आणि म्हणाला, "मावशी, यात काय काय लिहिलंय जरा वाचून सांग की."

माझ्याकडं अशी मुलं येतात. मी चौतीस वर्षं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात पगारपत्रक लिहिलं. आधी हातानं, मग कॉम्प्युटरवर. कामगार मला अक्का म्हणायचे. कोण आलं, कोण गेलं, कोण जाऊन सहा महिन्यांत तोंड लपवत परत आलं, सगळं माझ्या वहीत होतं. तर आज जे बोलणार आहे ते त्या वहीतलं आहे. पुस्तकातलं नाही.

भाच्याच्या पत्रावर आकडा होता वर्षाला ५ लाख ४ हजार. कंपनी चाकणची. म्हणजे महिना ४२ हजार. सध्या तो इथंच, सोलापूरजवळच्या चिंचोळीला टॉवेलच्या मागांचा मेंटेनन्स बघतो आणि हातात २३ हजार ४०० येतात. यात विचारायचं काय, असं कुणालाही वाटेल. पण त्या आकड्याच्या वर बारीक अक्षरात 'सीटीसी' लिहिलेलं असतं. सीटीसी म्हणजे पगार नव्हे. तुम्हाला ठेवून घ्यायला कंपनीला वर्षाकाठी जे काही लागतं ते सगळं त्यात धरलेलं असतं.

जवळ कागद असेल तर माझ्याबरोबर मांडा. बेसिक २१ हजार. त्यावर कंपनीचा पीएफचा, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा वाटा १२ टक्के, म्हणजे २,५२०. हा त्या ४२ हजारांतच मोजलेला. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तिच्यासाठी बाजूला ठेवलेले १,०१०, तेही आतच. गटविम्याचा हप्ता ४७०. आणि परफॉर्मन्स बोनस वर्षाचा ४८ हजार, महिन्याला ४ हजार. तो मिळणार पुढच्या एप्रिलात, तोवर हा तिथं असला आणि साहेबांनी शेरा बरा लिहिला तर. झाले ८ हजार वजा, उरले ३४ हजार. त्यातून भाच्याचा स्वतःचा पीएफचा वाटा पुन्हा २,५२० आणि व्यवसाय कर २००. हातात ३१ हजार २८०.

आता चाकणला तिघांत मिळून खोली, याच्या वाट्याला ५ हजार. मेस ४ हजार. महिन्यातून दोनदा सोलापूरला येणं-जाणं, धरा दीड हजार. विमान सुरू झालं सोलापुरातून, पण खोलीत तिघं राहणारा पोरगा हुतात्मा एक्स्प्रेसनंच येणार. राहिले २० हजार ७८०. इथं घरी राहून, आईच्या हातची भाकरी खाऊन २३ हजार ४००. आईला तो महिन्याला पाच हजार देतो, ते दोन्हीकडं सारखेच.

पोराचं तोंड उतरलं. "म्हणजे जाऊ नको म्हणतेस?"

मी तसं म्हटलंच नव्हतं. हा फक्त पहिल्या महिन्याचा हिशेब झाला.

मग त्यानं ग्रॅच्युइटीचं काढलं. ती पाच वर्षं भरल्यावर मिळते. त्याला चिंचोळीत चार वर्षं दोन महिने झालेत, अजून दहा महिने काढले की पाच वर्षं भरतात. गणित सोपं असतं: शेवटचा बेसिक गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. त्याचा बेसिक १३ हजार. १३ हजारांचे पंधरा-सव्वीसांश साडेसात हजार, पाच वर्षांचे साडेसदतीस हजार. माझ्या बहिणीचं म्हणणं, एवढ्यासाठी तरी थांब. मी म्हटलं, दहा महिन्यांवर पसरलं तर महिन्याला पावणेचार हजार होतात. त्यासाठी थांबायचं तर थांब, पण पावणेचार हजारांसाठी थांबतोय हे माहीत असू दे. लोक 'पाच वर्षं भरू दे' म्हणत थांबतात, मग बोनससाठी थांबतात, मग दिवाळीसाठी. अशा थांबण्यात माझ्यासमोर माणसांचे केस पांढरे झालेत. ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात तुम्हाला एका वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटीचा हक्क आलाय. नेमणूकपत्र काढून वाचा.

मी भाच्याला जुन्या डायरीचा एक कागद दिला. म्हटलं, पगार सोडून, का जायचंय ते एका ओळीत लिही. त्यानं बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं, 'चार वर्षं तेच माग.' म्हणजे जुने रॅपियर माग, तेच बिघाड, तेच नट. चाकणला रोबोवर काम आहे, ते शिकायचंय. कागदाची घडी करून मी त्याच्या पाकिटात घालायला लावली. तो कागद कशाला, ते सांगते.

२००३ साली मलाच बोलावणं आलं होतं. दुसऱ्या कारखान्यातून, महिन्याला दोन हजार जास्त. त्या काळात दोन हजार म्हणजे मोठी रक्कम. मी आमच्या शेठना सांगितलं. शेठनी त्याच संध्याकाळी केबिनमध्ये बसवून दीड हजार वाढवले. म्हणाले, "अक्का, तुम्ही घरच्यासारख्या." मी राहिले. पुढची दोन वर्षं पगारवाढीच्या वेळी शेठचं एकच वाक्य, "तुमचं तर आधीच वाढवलंय की." आणि आणखी एक झालं, ते कुणी बोललं नाही. तिजोरीची किल्ली तोवर माझ्याकडं असायची, ती हळूच त्यांच्या मेहुण्याकडं गेली. एकदा जायला निघालेली बाई म्हणून त्यांनी मला मनात वेगळ्या वहीत लिहून ठेवलं असावं. राहिले याचं वाईट वाटतं का? सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, घर कारखान्यापासून दहा मिनिटांवर होतं, दुपारी जाऊन त्यांना जेवण देऊन यायचे. नव्या ठिकाणी ते जमलं नसतं. पण मग माझं राहण्याचं कारण सासूबाई होत्या, दीड हजार नव्हते. ते मला तेव्हा कुणी लिहायला लावलं असतं, तर मी शेठकडं पैसे नाही, दुपारची एक तासाची सुट्टी मागितली असती.

आता दुसरी बाजू. सोलापुरात 'परमनंट' या शब्दाचं वजन फार. माझे वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. १८७७ साली या गावात पहिली गिरणी निघाली, तिला पुढं लोक जुनी गिरणीच म्हणायला लागले. तिथून शंभर वर्षं हे गाव भोंग्यावर घड्याळ लावत होतं. वडिलांना ऐंशीच्या सुमाराला पूर्व भागातल्या एका यंत्रमागवाल्यानं बोलावलं होतं, पगार जास्त. वडील हसले. गिरणी सोडून पत्र्याच्या शेडमध्ये जायचं? गिरणी बंद पडली तेव्हा ते एकोणपन्नासचे होते. थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी हातात यायला कितीक वर्षं गेली. तोवर ते रात्रपाळीला यंत्रमागावरच उभे राहिले, कमी पगारात. ती गिरणी कोणती ते नका विचारू, बंद पडल्या त्या सगळ्यांची थोड्याफार फरकानं हीच कथा.

वडील नंतर सांगायचे, कळत होतं रे. गोदामात कापसाच्या गासड्या कमी दिसायला लागल्या होत्या. पगार सातचा दहावर, दहाचा पंधरावर गेला होता. पण कळलेलं मान्य करायला माणूस तयार नसतो. आज तुम्हाला गोदामात डोकवायची गरज नाही. मागच्या महिन्याचा पीएफ मालकानं या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर घालून मोबाईलवर पासबुक उघडा. तीन-तीन महिने रक्कम जमा नसेल, पण तुमच्या पगारातून कापली जात असेल, तर ती कंपनी तुम्हाला काही तरी सांगते आहे. आणि जिथं जायचंय तिथल्या एखाद्या कामगारालाही हेच विचारा. त्यांच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभं राहा, अर्ध्या तासात खरं कळतं. एचआरची बाई फोनवर सांगते त्यापेक्षा जास्त.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या शिलाई विभागात एक सुपरवायझर बाई होती. पगार साडेवीस हजार. दुसऱ्या कारखान्यानं साडेएकवीस देऊ केले. हजार रुपये जास्त, पेढे वाटायलाच निघाली होती. मी तिला थांबवलं. सध्या २१ हजारांपर्यंत पगार असेल तरच ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा लागू होतो. तिच्या पगारातून पाऊण टक्का जायचा, दीडशेच्या आसपास, आणि त्यावर तिच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं. नव्या ठिकाणी ती विम्याच्या बाहेर. हजार रुपये मिळवायला तिनं आठवड्यातून दोनदाचं डायलिसिस स्वतःच्या खिशातून करायचं? ती गेली नाही. तिच्याजागी दुसरी, धडधाकट घरातली असती, तर मीच तिला जा म्हटलं असतं.

आणि ज्यांना हा प्रश्नच पडत नाही असेही आपल्याच गावात आहेत. यंत्रमागावरचा माणूस मालकाकडून तीस-चाळीस हजार उचल घेऊन बसलेला असतो. त्याला नवा मालक बोलावतो तेव्हा आधीची उचल फेडूनच घेऊन जातो, आणि ती उचल माणसाबरोबर नव्या दारात जाऊन बसते. तिथं पगाराची तुलना काय करायची? त्यावर वेगळं भाषण होईल, आज वेळ नाही.

जे जाणार आहेत त्यांना कारकुनी सूचना तेवढ्या देते. नेमणूकपत्र सहीनिशी हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. ऑफर लेटर मागं घेतल्याची प्रकरणं मी पाहिलीत. नोटिशीचे दिवस पूर्ण भरा, राजीनाम्याची पोच घ्या, रिलीव्हिंग लेटर मागून घ्या. शेठवर रागावून निघून गेलेला माणूस वर्षभरानं त्याच कागदासाठी माझ्या टेबलासमोर उभा असायचा. पीएफ काढू नका, नव्या खात्यात ट्रान्सफर करा. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि मधेच काढलं की मोजणी मोडते. पगार मोठा असेल तर आधीच्या मालकाकडं या वर्षी मिळालेला पगार नव्या मालकाला कळवा. नाहीतर दोघंही कराची सूट आपापली धरतात आणि रिटर्न भरताना तुमच्या डोक्यावर बोजा येतो.

भाच्याचं काय झालं, ते राहिलं. त्यानं चाकणला दोन गोष्टी विचारल्या. रोबोचं ट्रेनिंग कोणत्या महिन्यात, ते नेमणूकपत्रात लिहून द्याल का, आणि रुजू व्हायला २० जानेवारी चालेल का. दुसरी गोष्ट त्याच्या आईसाठी. सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, अक्षतांना पोरगा घरी नाही, हे तिला पहिल्याच वर्षी सोसवलं नसतं. दोन्हीला होकार आला, पत्रासकट.

परवा तो राजीनामा द्यायला गेला. त्याच्या शेठनी कागद वाचलाच नाही, उलटा ठेवला आणि चहा मागवला. म्हणाले, सहा हजार वाढवतो, बस. भाच्यानं पाकिटातून तो घडीचा कागद काढला नाही, पण तो आठवला असं मला म्हणाला. त्यानं विचारलं, "शेठ, नवे माग कधी येणार? मागच्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात." शेठ म्हणाले, "ते बघू की." पुन्हा विचारलं, तरी तेच.

चहा पिऊन त्यानं राजीनाम्याच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतला आणि जिना उतरला. खाली मागांच्या खात्यात एका मागाचा पट्टा तुटला होता. नोटिशीचे दिवस अजून बाकी आहेत, म्हणून तो बाह्या सारून तिकडं गेला.

नमस्कार.