जाळीच्या टोकाला काय होतं?

नमस्कार श्रोतेहो. अँजिओप्लास्टी म्हणजे काय, हे आता विदर्भातल्या खेड्यांत सांगत बसावं लागत नाही. नागपूरला जाऊन स्टेंट टाकून आलेला एखादा माणूस तुमच्या ओळखीत असतोच. हृदयाची धमनी जेमतेम ३ मिलिमीटर रुंद. ती आतून अरुंद झाली की तिच्यात फुग्यावर बसवलेली धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, नेतात, फुगा फुगवतात, जाळी उघडते, फुगा बाहेर येतो. जाळी मात्र तिथेच, जन्मभर. माणसाच्या हृदयात अशी जाळी पहिल्यांदा बसली १९८६ साली, फ्रान्समधल्या तुलूझ शहरात.

त्या जाळीचा धमनीच्या भिंतीवर किती ताण पडतो, आणि तो संगणकावर आधीच कसा काढतात, हा आजचा विषय. पण आधी माझ्या मामांच्या विहिरीची गोष्ट ऐका.

दारव्ह्याकडे मामांचं शेत. जमीन काळी, कपाशीची. विहिरीचा वरचा भाग दरवर्षी धसायचा. मामांनी काँक्रीटचं जाडजूड बांधकाम करायचं ठरवलं, मातीला घट्ट भिडवून. गावात एक म्हातारे मिस्त्री होते. ते काठावर उकिडवे बसले, माती चिमटीत घेतली आणि म्हणाले, "भाऊ, हे माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तुमचं शिमिट काई हालत नाई. जेथं शिमिट सरलं, तेथंच माती फाटीन, पाहा." मामांनी ऐकलं नाही. पावसाळा गेला, उन्हाळा गेला, आणि पुढच्या पावसात विहीर पुन्हा धसली. काँक्रीटला एक तडा नव्हता! धसली ती काँक्रीटच्या खालच्या काठालगतची माती. मग मिस्त्रींनाच बोलावलं. त्यांनी बांधकाम खाली पातळ करत नेलं, मागे मुरूम भरला, मातीला हालायला जागा ठेवली. ती विहीर अजून उभी आहे.

अशी माणसं आज कामाविना बसली आहेत, कारण जो तो बोअर मारतो आणि विहीर बुजवतो. इंजिनिअरिंगच्या पोरांना महिनाभर तरी या मिस्त्रींच्या हाताखाली पाठवावं, असं माझं ठाम मत आहे.

तर मुद्दा लक्षात ठेवा: कडक जिथे संपतं आणि मऊ जिथे सुरू होतं, तिथे ताण जास्त. धमनी मऊ आहे, वळणदार आहे, प्रत्येक ठोक्याला हालते. ठोके दिवसाला सुमारे १ लाख. जाळी ताठ, ती वळण सरळ करू पाहते. त्यामुळे तिच्या दोन्ही टोकांशी भिंत ताणली जाते. भिंतीला जितकी इजा, तितकं आतून मांस वाढतं आणि धमनी पुन्हा अरुंद होते. औषध न लावलेल्या साध्या जाळ्यांमध्ये १०० पैकी २० ते ३० जणांना हा त्रास व्हायचा.

संगणकावर धमनीचे आणि जाळीचे हजारो, कधी लाखो बारीक तुकडे पाडतात. भिंतीचे तीन थर, साचलेली चरबी, कडक झालेलं कॅल्शियम, ज्याचा त्याचा ताठपणा वेगळा भरायचा. मग फुग्याचा दाब, हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १०-१२ पट, द्यायचा आणि कुठल्या तुकड्यावर किती ताण आला ते पाहायचं. जाळीच्या तारा कुठे जोडायच्या, कुठे मोकळ्या ठेवायच्या, हे अशा गणितातून ताडून पाहता येतं. पूर्वी तारांची जाडी १४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असे, आता बऱ्याच जाळ्यांमध्ये ६० ते ८०.

पुन्हा सांगतो, ताण टोकाला असतो, कडक आणि मऊ जिथे भेटतात तिथे. आणि तारांवर आतलं अस्तर चढेपर्यंत त्या उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्या जातात त्या यासाठी. सोयाबीनच्या सवंगणीत दवाखान्यात जायला फुरसत नाही म्हणून, किंवा बरं वाटतंय म्हणून, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नका. नमस्कार.