गिऱ्हाईक विचारतं तेच लिहा

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीच्या गणपती पेठेतल्या कुठल्याही हळदीच्या दुकानदाराला विचारा, दुकानात आलेलं गिऱ्हाईक काय काय विचारतं? तो एका दमात सांगेल. हळद यंदाची आहे का? राजापुरी आहे की सेलम? हळकुंडं देताय की दळून? लोणच्याला कुठली घेऊ? पुण्याला मुलीकडं पाच किलो पाठवायची आहे, कुरिअरचे किती पडतील? आता त्याच दुकानाची वेबसाइट उघडा. वर ठळक अक्षरांत 'गुणवत्ता, विश्वास आणि परंपरा'. खाली आजोबांचा हार घातलेला फोटो. त्याखाली 'आमची उत्पादने' आणि पिवळ्याधमक पावडरीचं एक चित्र. या पाच प्रश्नांतल्या एकाचंही उत्तर तिथं सापडत नाही.

आज ज्याविषयी बोलायचंय त्याला धंद्याच्या भाषेत 'एसइओ' म्हणतात, सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. कोणी गुगलवर काही शोधलं तर त्यात आपलं दुकान, आपला माल दिसावा म्हणून केलेली खटपट. नाव भारदस्त आहे आणि त्या नावावर पैसेही भारदस्त मागितले जातात. पण लहान धंद्यापुरतं बोलायचं तर यातलं बरंचसं काम दुकानदाराला स्वतःला येण्यासारखं आहे. कारण गिऱ्हाईक काउंटरवर जे विचारतं, तेच ते मोबाइललाही विचारतं. आणि ते प्रश्न दुकानदाराइतके कुणालाच पाठ नसतात.

आधी हे चालतं कसं ते थोडक्यात. गुगलचे प्रोग्रॅम रात्रंदिवस जगभरातली वेबपानं वाचत असतात. वाचलेलं एका प्रचंड सूचीत नोंदवून ठेवतात. तुम्ही काही विचारलंत की त्या सूचीतून पानं काढून, क्रम लावून समोर ठेवतात. क्रम लावायची मूळ कल्पना लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांची, त्यातूनच १९९८ मध्ये कंपनी उभी राहिली. एखाद्या पानाकडं इतर किती पानं बोट दाखवतात, म्हणजे लिंक देतात, आणि बोट दाखवणारी पानं स्वतः किती वजनदार आहेत, हे ते मोजायचे. झालं, लोकांनी बोटंच विकायला काढली! शेकड्यांनी खोट्या लिंका तयार व्हायला लागल्या. २०१२ मध्ये गुगलनं 'पेंग्विन' नावाचा बदल आणून अशा साइट खाली ढकलल्या. तरी आजही 'इतक्या रुपयांत हजार लिंका' विकणारे फोन करतातच. तसंच 'कीवर्ड्स टॅग'चं. वेबपानाच्या पोटात शोधशब्दांची यादी कोंबायची. क्रम लावताना आम्ही ती बघतच नाही, असं गुगलनं २००९ मध्ये जाहीर सांगितलं. कोणी आजही त्याचे वेगळे पैसे लावत असेल, तर बिल जरा नीट वाचा.

आता आपल्याकडची एक खास अडचण, जी इंग्रजी पुस्तकांत सापडायची नाही. दुकानाचं पत्रक, दरपत्रक, ओळख हे सगळं आपण छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून करून घेतो. तिथं मजकूर बऱ्याचदा जुन्या मराठी फॉन्टमध्ये बसवलेला असतो, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसतो. कागदावर अक्षर देखणं उमटतं. पण संगणकाच्या लेखी ती मराठी अक्षरं नसतातच, रोमन अक्षरांना आणि चिन्हांना चढवलेला मराठी मुखवटा असतो तो. असा मजकूर साइटवर तसाच चिकटवला तर गुगलला नुसती गिचमीड दिसते. दुसरे काही जण तेच पत्रक फोटो म्हणून टाकतात. त्या फोटोत पत्ता आहे, दर आहेत, सगळं आहे; पण चित्रातली अक्षरं लिहिलेल्या मजकुरासारखी वाचली जातील असं धरून चालू नका. पारखायची सोपी रीत सांगतो. मोबाइलवर आपल्या साइटवरच्या एका ओळीवर बोट दाबून धरा, ती कॉपी करा आणि कुणाला तरी व्हॉट्सअॅपवर पाठवा. तिकडं स्वच्छ मराठी वाचता आली तर ठीक. गिचमीड गेली किंवा ओळ कॉपीच झाली नाही, तर गुगलसाठी तुमचं ते पान बहुधा कोरं आहे.

शब्दांचंही असंच. माणसं 'हळद' देवनागरीत शोधतात, रोमन अक्षरांतही शोधतात. एखादा 'हल्दी' म्हणतो, बाहेरच्या राज्यातला व्यापारी 'टर्मरिक' लिहितो. पण म्हणून एकाच पानावर हे चारही शब्द चारशे वेळा लिहू नका, ते गुगलला कळतं आणि वाचणाऱ्याला वीट येतो. एक पान साध्या मराठीत, एक साध्या इंग्रजीत, एवढं बस्स. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे हा माल याच भागाचा अशी सरकारी नोंद, मिळालंय, बेदाण्यालाही मानांकन आहे. त्याचा उल्लेख जरूर करा, पण आपल्या मालावर ते मानांकन लावायचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तरच.

आता मिरजेचं उदाहरण घेऊ, कारण ते मला फार बोलकं वाटतं. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराचं गिऱ्हाईक मिरजेत नसतंच, ते असतं धारवाडला, कोलकात्याला, कधी सातासमुद्रापार. त्याला काय हवं असतं? तानपुरा पुरुष आवाजासाठीचा आहे की बायकांच्या? कुठल्या पट्टीत सुरेल वाजेल? चार तारांचा की पाच? जुन्या वाद्याची जवारी, म्हणजे तारेला गुंजन देणारी घोडीची घडण, काढून मिळेल का? भोपळ्याला चीर गेलीय, ती बुजते की भोपळाच बदलावा लागतो? पाठवताना पेटी कशी करता, वाटेत फुटलं तर काय? यातल्या प्रत्येक प्रश्नाला दहा-बारा ओळींचं उत्तर लिहायचं. सोबत कारखान्यातले फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली त्यात काय दिसतंय त्याची एक ओळ. 'जवारी कशी काढतात' यावर मिरजेच्या कारागिरानं स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं पान वरच्या क्रमाला येऊ शकतं, कारण तसं लिहिणारे जगात आहेतच किती? 'म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स' या शब्दासाठी मात्र मोठ्या ऑनलाइन दुकानांशी झुंजत बसण्यात अर्थ नाही. लहान माणसानं बारीक प्रश्न धरावा.

लिहायला जमत नाही म्हणाल तर बोला. मोबाइलवर बोलून मराठी टाइप होतं. गिऱ्हाइकाला सांगता तसं सांगा, मग घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून शुद्धलेखन तपासून घ्या.

ज्यांचं गिऱ्हाईक गावातलंच आहे, म्हणजे सलून, दवाखाना, पंक्चरचं दुकान, खानावळ, त्यांना वेबसाइट नसली तरी चालेल. त्यांनी गुगलच्या नकाशावरची आपली नोंद नीट करावी. तिला 'बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. २०२१ पर्यंत तिचं नाव 'गुगल माय बिझनेस' होतं. ती फुकट आहे. तिथं वर कोण दिसणार ते गुगलच्या म्हणण्याप्रमाणं तीन गोष्टींवर ठरतं: शोधलेल्या शब्दाशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात, आणि तुम्ही किती माहितीतले आहात. लांबीवर तुमचा इलाज नाही. विश्रामबागेत उभ्या असलेल्या माणसाला हरभट रोडवरचं दुकान मागंच दिसणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

नाव पाटीवर आहे तेच ठेवा. 'सांगलीतील सर्वोत्तम स्वस्त शुद्ध शाकाहारी' असं शेपूट नावाला जोडलं तर नोंद निलंबित होऊ शकते. नकाशावरची खूण दारासमोर आहे का, तेवढं स्वतः जाऊन बघा. शंभर फुटी रस्त्यावर खूण चार दुकानं इकडंतिकडं झाली तर फार बिघडत नाही, पण पेठेत ती मागच्या बोळात पडली की गिऱ्हाईक फिरून फिरून परत जातं. आणि वेळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठांत शिरलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. अशा दिवसांत 'तात्पुरतं बंद' अशी खूण करता येते आणि दुकान उघडलं की काढता येते. ती काढायला मात्र विसरायचं नाही.

अभिप्राय, ज्याला सगळे रिव्ह्यू म्हणतात, ते मागायला लाजू नका. मात्र 'पाच तारे द्या, दहा टक्के सूट घ्या' हे नियमात बसत नाही. वाईट अभिप्राय आला तर भांडू नका. समजा कोणी लिहिलं, 'भडंग मऊ लागलं'. त्याला उत्तर असं: 'पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की भडंग सादळतं. पाकीट घेऊन या, बदलून देतो.' हे उत्तर त्या एकासाठी नसतं. पुढचे वाचणारे त्यावरून दुकानदार कसा आहे ते ठरवतात.

हल्ली गुगल वरच्या बाजूला स्वतःच तयार केलेलं उत्तर दाखवतं, भारतात ते २०२४ पासून दिसायला लागलं. त्यामुळं साइटवर येणारी माणसं काही जणांची कमी होतील, हे खरं आहे. पण ते उत्तरही कुणीतरी लिहिलेल्या पानांवरूनच जुळवलेलं असतं.

राहिला तो फोन. 'गुगलमधून बोलतोय, तुमचं दुकान पहिल्या नंबरला आणून देतो.' पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलनंच लिहून ठेवलंय. पैसे देऊन वर दिसता येतं ते जाहिरातीत, आणि तिथं 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. तो वेगळा मामला. माणूस नेमायचाच असेल तर खुशाल नेमा, चांगली मुलं सांगलीत हे काम करतात. फक्त त्याला विचारा, नेमकं काय बदलणार आणि का? महिन्याभरात फळ दाखवतो म्हणाला तर सावध व्हा. चार महिने ते वर्ष लागतं, असं गुगलच्याच लोकांचं सांगणं आहे. 'सर्च कन्सोल' नावाची फुकट सोय आहे, तिच्यात लोक कुठले शब्द टाइप करून तुमच्या साइटपर्यंत आले ते दिसतं. महिन्यातून एकदा ती यादी त्याच्या शेजारी बसून बघा. तुम्ही कधी विचारही केला नव्हता असे प्रश्न तिच्यात सापडतात, आणि पुढचं पान कशावर लिहायचं ते तिथंच ठरतं.

आणि हे सगळं ज्या ईमेलवर उघडलंय, तो ईमेल कुणाचा आहे? पुष्कळ दुकानांत तो भाच्याचा असतो, आणि भाचा नोकरीला पुण्यात. मालकी आपल्या नावावर करून घ्या, काम करणाऱ्याला 'व्यवस्थापक' म्हणून जोडा. भाच्याला आज रात्री जेवणानंतर फोन करा, दिवसा तो उचलायचा नाही.

नमस्कार.