आधी पेटी, मग आवाज

मंडळी, जुना रेडिओ समोर ठेवला की बघणारा विचारतो, "वाजतो का?" संग्राहक मात्र आधी पेटीवरून हात फिरवतो. हिशेब सरळ आहे. आतला कपॅसिटर गेला तर लॅमिंग्टन रोडला थोडक्या पैशांत नवा मिळतो. व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, त्याही खटपट केली तर सापडतात. पण सुटलेलं अक्रोडी व्हिनिअर (पेटीवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा), तडकलेली डायलची काच, उंदरांनी कुरतडलेलं जाळीचं कापड यांना दुकान नाही. म्हणून शाबूत पेटीतला मुका रेडिओ, पेटी गेलेल्या बोलक्या रेडिओपेक्षा जास्त भाव खातो.

1927 साली 23 जुलैला मुंबई केंद्र सुरू झालं त्या काळातले पुष्कळ सेट म्हणजे बटणांचं खोकं, बाहेर कर्णा आणि शेजारी बॅटऱ्या. पुढे सेट विजेवर चालू लागले, स्पीकर आत गेला, रेडिओ दिवाणखान्यात येऊन बसला आणि सुतारकामाला मान आला. मग मंदी आली. तेव्हा अमेरिकेत फिल्कोने टेबलावर मावणारे, चर्चच्या कमानीसारख्या डोक्याचे सेट काढले. 1931चं त्यांचं मॉडेल 90 आजही लोकांना हवं असतं. पण ते खूप खपलं होतं, त्यामुळे आजही बऱ्यापैकी मिळतं आणि भाव आवाक्यात राहतो.

याउलट इंग्लंडच्या ‘पाय’ (Pye) या रेडिओ कंपनीची गोष्ट बघा. उगवत्या सूर्याची लाकडी जाळी ही त्यांची जुनी ओळख. 1948 साली त्यांनी ती एम78एफ या सेटवर पुन्हा आणली. महायुद्ध संपून तीनच वर्षं झाली होती. जपानी छावण्यांतून सुटून आलेल्यांना त्या सूर्यात जपानचा झेंडा दिसला. ओरड झाली, कंपनीने सेट मागे घेतले आणि बरेचसे नष्ट केले. जे वाचले त्यांच्यासाठी संग्राहक आज जीव टाकतात! नक्षी तीच, पण भाव ठरवला त्या चुकलेल्या मुहूर्ताने.

नक्षी जास्त तर किंमत जास्त, हेही खरं नाही. कपाटाएवढा रेडिओ, त्यावर कारागिरी ओसंडून चाललेली, आणि तो टेबल रेडिओपेक्षा स्वस्त जातो, असं पुष्कळदा होतं. ठेवणार कुठे? गिरगावातल्या दोन खोल्यांचं सोडा, परदेशातल्या मोठ्या घरांतही हीच अडचण. अमेरिकेच्या झेनिथ कंपनीचा 1935चा स्ट्रॅटोस्फिअर हा अपवाद: 25 व्हॉल्व्ह, किंमत 750 डॉलर. तेव्हा फोर्डची साधी मोटार याहून स्वस्त होती.

आता पॉलिशवाल्यांचा रोष पत्करून सांगतो, पेटी घासून चकाचक करू नका. मूळ लॅकर, म्हणजे लाकडावरचा चकाकीचा लेप, जातं, कंपनीची अक्षरं जातात आणि किंमतही जाते. ओल्या फडक्याने पुसणंही नको. आपल्या पावसाळ्यात सरसाने चिकटवलेलं व्हिनिअर आधीच कडेने सुटत असतं. चोरबाजारात सेट आवडला तर तो फिरवून पाहा. मागचा पुठ्ठा आहे का? शॅसीचे, म्हणजे सुटे भाग बसवलेल्या आतल्या पत्र्याच्या सांगाड्याचे, स्क्रू मूळ भोकांत बसलेत का, की कुठल्या तरी पेटीत कुठला तरी सेट कोंबलाय? आणि कमानीच्या पेटीवर एफएम 88 ते 108 असं छापलेलं दिसलं तर चहा पिऊन परत या. ती अलीकडची नक्कल आहे.

आपल्या ठाण्याला बनलेल्या मर्फी रेडिओला मात्र परदेशी यादीतले भाव लावू नका. त्याचं गिऱ्हाईक इथलंच, ज्याच्या घरी तो होता ते. असा सेट माळ्यावर असेल तर एकदम प्लग लावू नका, जाणकाराकडून सिरीज बल्बवर, म्हणजे विजेच्या वाटेत एक दिवा जोडून, तपासून घ्या. आणि पोस्टातून काढलेलं रेडिओ लायसन्सचं पुस्तक घरात असेल, तर रद्दीत न देता सेटसोबतच ठेवा. घेणारा तेही बघतो.